शाळेच्या व्हॅनमध्ये भूत आहे म्हणे! स्कूबी-डूचा तो भाग कुठला?

चिऊची_आई (नाशिक रोड)

नमस्कार मंडळी. कार्टूनवाल्यांना एक प्रश्न आहे आणि गाडीवाल्यांनाही एक, म्हणून दोन्ही इथेच टाकते.

लेक दुसरीत आहे. सुट्टीत मामाकडे गेली होती, तिथे मामेभावाने तिला स्कूबी-डू दाखवलं, ते भुतांचा छडा लावणाऱ्या पोरांचं आणि त्यांच्या कुत्र्याचं कार्टून. बाकीच्या भुतांना ती खो खो हसली म्हणे. पण एका भागात त्या पोरांची स्वतःचीच गाडी, ती निळी-हिरवी फुलाफुलांची, ड्रायव्हर नसताना चालू होते आणि त्यांच्याच मागे लागते. गाडीत कुणाचा तरी आत्मा शिरलाय असं काहीतरी. नेमकं तिथेच वहिनीने "जेवायला चला" म्हणून टीव्ही बंद केला. भूत कोण होतं ते कळलंच नाही.

एवढ्यावर भागलं असतं. पण शाळा सुरू झाली आणि हिच्या व्हॅनचा हॉर्न आपोआप वाजायला लागला! सारखा नाही, पण पिंपळाशी गल्लीत वळताना हमखास. व्हॅनवाले काका हसत हसत बोलून गेले, "पिंपळावरचा मुंजा वाजवतोय." झालं. आता बाईसाहेब व्हॅनमध्ये पाय ठेवत नाहीत आणि माझी रोज सकाळी स्कूटरवरून वरात निघते.

तर १) तो भाग कुठला, आणि शेवटी काय निघतं? २) हॉर्न असा का वाजतो? काकांना विचारलं तर म्हणतात, "जुनी गाडी आहे, चालायचंच."

वेल्माचा_चष्मा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे. 'व्हॉट्स न्यू, स्कूबी-डू?' ही २००२ साली सुरू झालेली मालिका, तिच्या पहिल्याच सीझनमधला भाग. नाव 'इट्स मीन, इट्स ग्रीन, इट्स द मिस्ट्री मशीन'. मिस्ट्री मशीन म्हणजे त्यांची ती गाडीच. गाडी या पोरांकडे येण्याआधी एका गाणाऱ्या मुलांच्या बँडची होती असं त्यात कळतं, आणि त्या बँडशी संबंधित एकाचं भूत गाडीत आहे अशी हूल उठते. त्या पोरांतल्या फ्रेडचा जीव त्या गाडीत अडकलेला, त्यामुळे त्याचे हाल बघण्यासारखे आहेत.

भूत नसतं. स्कूबी-डूत शेवटी मुखवटा ओढला की बहुतेक वेळा माणूसच निघतो, इथेही तसंच. कोण ते मी इथे फोडत नाही, लेकीला बसून दाखवा. शेवट बघितल्याशिवाय ही भीती जायची नाही. अर्धवट बघितलेलं स्कूबी-डू म्हणजे मुखवटा न काढलेलं भूत, ते डोक्यात बसणारच.

एक गंमत: मूळ इंग्रजीत फ्रेडचा आवाज १९६९ पासून फ्रँक वेल्करचा आहे, आणि या मालिकेपासून स्कूबीचाही त्याचाच. म्हणजे गाडीसाठी हळहळणारा तोच आणि घाबरून थरथरणारा कुत्राही तोच.

सडेतोड_अण्णा

मुलांना असली भुताटकी दाखवायचीच कशाला? आमच्या वेळी चांदोबा होता.

वेल्माचा_चष्मा

अण्णा, चांदोबात दर महिन्याला विक्रमाच्या खांद्यावर प्रेत असायचं, आणि त्यातला वेताळ खराखुरा होता! इथे निदान शेवटी माणूस निघतो.

आणि तुमची शंका काही नवी नाही. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत पालकांनी शनिवार सकाळच्या कार्टूनमधल्या मारामाऱ्यांविरुद्ध ओरड केली होती, म्हणून सीबीएस या तिथल्या टीव्ही कंपनीला मारामारी नसलेलं काहीतरी हवं होतं. हॅना-बार्बेरा या कार्टून बनवणाऱ्या स्टुडिओकडून जो पहिला प्रस्ताव गेला तो सीबीएसचे अध्यक्ष फ्रँक स्टँटन यांनी पोरांना फार भीती वाटेल म्हणून परत पाठवला. मग लेखक जो रूबी आणि केन स्पिअर्स यांनी भुतं मागे सारली, कुत्रा पुढे आणला आणि विनोद वाढवला. म्हणजे आपण बघतो ते पातळ केलेलं आहे.

चिऊची आई, एक सांभाळा. सगळंच स्कूबी-डू असं नाही. १९८५ ची '१३ घोस्ट्स' मालिका आणि १९९८ चा 'झॉम्बी आयलंड' चित्रपट यांत भुतं खरी आहेत. ते सध्या लांबच ठेवा.

पुणेरी_प्रवासी

गाडीचं भूत या लोकांना पहिल्यापासून प्रिय. १३ सप्टेंबर १९६९ ला दाखवलेल्या अगदी पहिल्या भागात त्या पोरांतल्या शॅगीला आणि कुत्र्याला, म्हणजे स्कूबीला, रात्री रस्त्यात एक ट्रक उभा दिसतो. ड्रायव्हर गायब, आणि त्याच्या जागी काळं चिलखत बसलेलं. शेवटी निघतो कोण, तर संग्रहालयाचा क्युरेटर. चित्रांची अफरातफर करत असतो.

पण मला तो व्हॅनचा भाग वेगळा वाटतो. चिलखत घातलेल्याचं शिरस्त्राण ओढलं की काम झालं. गाडीचं काय ओढणार? तिला मुखवटाच नाही. तिथे 'कोण' विचारण्याआधी 'कसं' विचारावं लागतं.

लेहजवळच्या मॅग्नेटिक हिलवर आमची टॅक्सी न्यूट्रलमध्ये चढावर गेली तेव्हा मागच्या सीटवर रामरक्षा सुरू झाली होती. तो चढ नसतोच, उतार असतो. आजूबाजूचे डोंगर असे आहेत की डोळ्याला उलटं दिसतं.

गॅरेजवाला_मिरज

प्रवासी साहेब लाखातलं बोलले. 'कसं' ते मी सांगतो.

ताई, तुम्ही सगळ्यात मोठा पुरावा स्वतःच लिहिलाय आणि त्याच्यावरनं पुढं गेलाय. हॉर्न "वळताना" वाजतोय. मुंज्याला वळणाशी काय देणंघेणं? तो सरळ रस्त्यावर पण वाजवंल की.

हॉर्नचं असं असतंय. बटण दाबल्यावर बटणातनं हॉर्नला करंट जातोय असं लोकांना वाटतं. बहुतेक गाड्यांत तसं नसतं. करंट रिलेपाशी, म्हणजे विजेवर चालणाऱ्या एका छोट्या स्विचपाशी, आधीच येऊन थांबलेला असतोय. बटण फक्त एक वायर गाडीच्या बॉडीला टेकवतं, म्हणजे अर्थ (अर्थिंग) देतं. अर्थ मिळाला की रिले ओढतो आणि हॉर्न वाजतोय. आता ती वायर दुसरीकडं कुठं बॉडीला टेकली तर? रिलेला काय कळतंय बोट कुणाचं ते! तो वाजवणारच.

आणि ही वायर जाते कुठनं, तर स्टिअरिंगच्या दांड्यापासनं. जुन्या गाडीत स्टिअरिंगच्या मागं एक पितळी रिंग असते, तिच्यावर स्प्रिंगची पिन घासत असते, म्हणून चाक फिरलं तरी बटणाचा संबंध तुटत नाही. वर्षानुवर्षं घासून पिन झिजते, रिंग हलते, नाहीतर वायरचं वरचं प्लास्टिक सोलून आतलं तांबं उघडं पडतं. सरळ चालताना ते तांबं बॉडीपासनं जरा लांब असतंय. पूर्ण चाक मारलं की टेकतं. पिंपळाशी गल्ली अरुंद असणार आणि काका तिथं चाक शेवटपर्यंत मारत असणार. बरोबर काय?

खात्री करायची असली तर लेकीला एवढंच विचारा: हॉर्न अजून कुठं वाजतोय? मोठी माणसं सांगणार नाहीत, पोरं बरोबर सांगतात.

गाडी आपोआप चालू राहण्याचं पण सांगतो, कारण पोरगी विचारणार. कार्बोरेटरच्या जुन्या फियाट किल्ली काढली तरी धडधड करत राहायच्या. आत साठलेला कार्बन निखाऱ्यासारखा तापलेला असतोय, त्याच्यावरच पेट्रोल पेटत राहतं, स्पार्कची गरजच नाही. आमच्या वडिलांकडं एक गिऱ्हाईक नारळ घेऊन आलं होतं, गाडीवरनं उतरवून टाका म्हणून. वडिलांनी इंजिनचं हेड खोलून कार्बन खरवडला आणि नारळाची आईनं चटणी केली.

सडेतोड_अण्णा

हे मात्र पटलं. आमच्या शेजाऱ्यांची पद्मिनी, म्हणजे फियाटच, अशीच करायची, गेटात उभी राहून खोकत बसायची.

चिऊची_आई

गॅरेजवाले दादा, काय सांगू! काल रात्री लेकीला विचारलं, "हॉर्न अजून कुठे वाजतो गं?" क्षणभरही विचार न करता म्हणाली, "शाळेच्या मैदानात काका गाडी फिरवतात ना, तेव्हा. आणि रियाच्या बिल्डिंगमधून मागे घेतात तेव्हा." मैदानात पिंपळ नाही. रियाच्या बिल्डिंगमध्ये तर कुंडीतली तुळससुद्धा सुकलेली. मी फक्त म्हटलं, "मग मुंजा तिथे कसा गेला?" तर गप्प बसून विचार करायला लागली.

तो भागही शोधून शेवटपर्यंत बघितला. मुखवटा निघाल्यावर बाईसाहेब म्हणाल्या, "मला आधीच वाटलं होतं." खोटारडी.

आज सकाळी काकांना थांबवून चाक पूर्ण डावीकडे मारायला लावलं, गाडी उभी असताना. वाजला! उजवीकडे मारलं, नाही वाजला. लेक शेजारी उभी होती, तिने काकांना तीनदा करायला लावलं. काका ओशाळले आणि संध्याकाळी इलेक्ट्रिशियनकडे टाकतो म्हणाले. दादा, त्यांना नेमकं काय करून घ्यायला सांगू? आणि हिला एकदा बॉनेट उघडून दाखवायचंय, चालेल ना?

गॅरेजवाला_मिरज

ताई, पोरीला गॅरेजला पाठवा, पगार देतो.

बॉनेटचं म्हणाल तर शाळेच्या व्हॅन बहुतेक ओम्नी नाहीतर इको असतात, त्यांचं इंजिन पुढच्या सीटखाली असतंय. सीट उचलून दाखवायला सांगा, पण गाडी गार झाल्यावर. गरम असताना तिथं लहान पोरांचा हात नको. हॉर्नची भानगड तिथं दिसणार नाही, ती स्टिअरिंगखालचं कव्हर काढल्यावर दिसंल. इलेक्ट्रिशियन तयार असला तर तिला उघडी वायर दाखवा आणि बॉडीला टेकवून एकदा हॉर्न वाजवू द्या. एअरबॅगवालं स्टिअरिंग असलं तर मात्र पोरीला लांब उभी करा आणि इलेक्ट्रिशियनला आधी बॅटरी सोडवायला सांगा.

काम काय करायचं: पितळी रिंग आणि पिन बघायला सांगा, झिजली असली तर बदलायची, फार खर्च नाही. वायर सोलली असली तर नुसती टेप गुंडाळून देऊ नको म्हणावं. उन्हात डिंक सुटतोय आणि पावसाळ्यात परत मुंजा येतोय. तेवढा तुकडा कापून नवीन वायर जोडायची, वरनं स्लीव्ह चढवायची आणि दांड्यापासनं लांब क्लिपात बांधायची. बांधल्यावर चाक दोन्हीकडं शेवटपर्यंत मारून बघायचं, वायर ताणत नाही ना. आणि तोपर्यंत हॉर्नचा फ्यूज काढून ठेवू नका, बरेच ड्रायव्हर तेच करतात. पोरांची गाडी आहे, हॉर्न पाहिजेच.