मदत हवी आहे: दुसऱ्या महायुद्धातल्या अर्धवट जर्मन विमानावरचे आकडे

पत्र्याचा_पक्षी: विमानाचं मॉडेल करतोय, १/४८ प्रमाणात. फोटोत विमान कारखान्यातच आहे, रंग नाही. बाजूला खडूने ६७, नाकावर ४१. कुठला धरू? आणि एका भागावर ८-१६२ असं छापलंय, हा सिरीयल नंबर का? लवकर सांगा, डीकॅल (चिकटवायचे छापील आकडे) कापायचेत.

शंकेखोर: विमान कुठलं? फोटो कुठला?

गरुडझेप: ६७ स्क्वाड्रनचा नंबर. लाल रंगात टाका, मस्त दिसेल.

शंकेखोर: कारखान्यातल्या विमानावर स्क्वाड्रनचा नंबर कसा येईल हो? तो तुकडीत गेल्यावर रंगवायचे.

ओझरकर_निवृत्त: आम्ही ओझरला मिग विमानांच्या जोडणीवर होतो. झाकणं हाताने घासून बसवायची, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. म्हणून प्रत्येकावर विमानाचे शेवटचे आकडे लिहायचे. जर्मनांचंही तेच असणार.

रंगारी: आधी रंग ठरवा. आरएलएम ०२ (जर्मन हवाई मंत्रालयाच्या यादीतला करडा-हिरवा) मारा, आत-बाहेर.

शंकेखोर: बाहेर कशाला? मार्च १९४५ अखेर जर्मन वैमानिक हान्स फाय मेसरश्मिट २६२ जेट घेऊन अमेरिकनांकडे उतरला, तेही विनारंगाचं, उघड्या पत्र्याचं, सांध्यांना नुसती पुट्टी. वेर्कनुमर (कारखान्याचा अनुक्रमांक) १११७११.

रंगारी: ते मेसरश्मिट. इथे विमान कुठलं हेच माहीत नाही!

पत्र्याचा_पक्षी: अहो १६२ लिहिलंय ना वर! हाइंकेल कंपनीचं जेट. इंजिन पाठीवर. मिठाच्या खाणीतला फोटो आहे.

शंकेखोर: मग हे आधी सांगायचं. जर्मनीतल्या तार्थुनची खाण असेल. ८-१६२ सिरीयल नाही. जर्मन हवाई मंत्रालयाच्या यादीत ८ म्हणजे विमानाचा सांगाडा, १६२ प्रकार. दर विमानावर तेच. वेर्कनुमर सहा आकडी. रॉस्टॉकच्या कारखान्यातली १२० ने सुरू होतात, लंडनच्या आरएएफ संग्रहालयातलं १२०२२७ आहे.

कंप्रेसरवाला: एअरब्रशला ०.३ ची सुई घ्या, पत्र्याचा रंग छान बसतो.

पत्र्याचा_पक्षी: एअरब्रशचं कुणी विचारलंय? नाक आणि धड यांचे आकडे जुळत का नाहीत ते सांगा.

ओझरकर_निवृत्त: नाक लाकडी आहे ना?

शंकेखोर: बरोबर. नाक आणि पंख लाकडाचे, धड पत्र्याचं. लाकूडकाम दुसरीकडे व्हायचं, धडाशी गाठ नंतर. त्यामुळे ४१ हा नाकाचा स्वतःचा क्रमांक आणि ६७ धडाचा असं मी धरेन. दोन्ही ठेवा. डिसेंबर १९४४ मध्ये दुसऱ्याच उड्डाणात पंखाचा डिंक सुटून पहिलं विमान पडलं होतं, त्यावरून लाकडाचं काय चाललं होतं ते कळेल.

गरुडझेप: जर्मन तंत्रज्ञान ते जर्मन तंत्रज्ञान! त्यांच्या कुर्ट टांकनेच आपलं मारुत लढाऊ विमान केलं, १९६१ ला उडालं.

सांजसकाळ: जरा थांबा. ऑस्ट्रियातल्या हिंटरब्र्युलच्या भूमिगत कारखान्यात हीच विमानं माउथहाउझेन या नाझी छळछावणीच्या उपछावणीतल्या कैद्यांकडून करवून घेतली. खडूचे आकडे कुणी लिहिले असतील तेही बघा.

गरुडझेप: मॉडेलच्या धाग्यावर हे कशाला?

सांजसकाळ: फोटो अशाच एका भूमिगत कारखान्यातला आहे म्हणून.

पत्र्याचा_पक्षी: ४१ आणि ६७ दोन्ही ठेवतो. डीकॅल नको, पांढऱ्या पेन्सिलीने हाताने लिहीन. रंगारी, नाकाला कुठला रंग?

रंगारी: आरएलएम ०२.