हवामान न्यायाच्या जागतिक आघाड्यांमुळे एखाद्या सरकारवर खरोखर बंधन येते का?

मुक्ता_शिक्षिका
मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. हवामान न्यायाचा, म्हणजे हवामानबदलाची जबाबदारी आणि झळ यांच्या न्याय्य वाटणीचा विषय निघाला, की मी क्योटो आणि पॅरिसच्या हवामान करारांविषयी सांगते. या आठवड्यात मात्र एका विद्यार्थिनीने विचारले, की जगभरातील संघटना एकत्र येऊन इतकी वर्षे मोहिमा चालवत आहेत, त्यांतून कोणत्या सरकारवर कधी काही बंधन आले का? मला मोर्चे आणि घोषणांच्या पलीकडचे असे एक उदाहरण हवे आहे, ज्याची सुरुवात, मधले टप्पे आणि फलित या तिन्ही गोष्टी वर्गात सांगता येतील.

सागर_ल
मुक्ताताई, असे उदाहरण आहे, आणि त्याची सुरुवात विद्यार्थ्यांपासूनच झाल्यामुळे ते आपल्या मुलांना जवळचे वाटेल. २०१९ साली साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या, वानुआतू या पॅसिफिकमधील द्वीपराष्ट्रातल्या विधी शाखेच्या २७ विद्यार्थ्यांनी हवामानबदलाचा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे नेण्याचे ठरवले. व्यक्तींना किंवा संघटनांना या न्यायालयात थेट जाता येत नाही. सल्लागार मत, म्हणजे कायद्याच्या प्रश्नावर न्यायालयाचा अभिप्राय, मागण्याचा अधिकार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेसारख्या संस्थांनाच असतो. त्यामुळे आधी एखादे सरकार आपल्या बाजूला वळवायचे आणि मग आमसभेत पाठिंबा उभा करायचा, असे दुहेरी काम त्यांच्यापुढे होते. पलाऊ या द्वीपराष्ट्राने २०११ मध्ये हाच मार्ग धरला होता, पण तो प्रयत्न तडीस गेला नाही.

या वेळी विद्यार्थ्यांनी पॅसिफिकमधील नेत्यांना पत्रे लिहिली, वानुआतूच्या सरकारने २०२१ मध्ये ही मोहीम आपली मानली, इतर खंडांतील तरुण ‘वर्ल्ड्स युथ फॉर क्लायमेट जस्टिस’ या नावाने सोबत आले आणि १९८९ पासून कार्यरत असलेल्या ‘क्लायमेट अ‍ॅक्शन नेटवर्क’ या संघटनांच्या जागतिक जाळ्यानेही पाठिंबा दिला. मार्च २०२३ च्या आरंभी ज्यूडी आणि केविन ही चक्रीवादळे काही दिवसांच्या अंतराने वानुआतूवर आदळली. त्याच महिन्याच्या २९ तारखेला आमसभेने न्यायालयाचे मत मागणारा ठराव मतदान न घेता सर्वसंमतीने स्वीकारला, आणि १३० हून अधिक देश त्याचे सहपुरस्कर्ते होते.

माझ्या मते या आघाडीचे खरे कौशल्य प्रश्नाच्या शब्दरचनेत दिसते. ‘दोषी कोण?’ असे न विचारता तिने दोन गोष्टी विचारल्या: हवामानाचे रक्षण करण्याबाबत राष्ट्रांची कायदेशीर कर्तव्ये कोणती, आणि ती न पाळल्यास त्याचे कायदेशीर परिणाम काय? डिसेंबर २०२४ मध्ये ९६ देश आणि ११ आंतरराष्ट्रीय संस्थांनी तोंडी बाजू मांडली. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने सांगितले, की ही कर्तव्ये केवळ हवामान करारांपुरती मर्यादित नाहीत, जीवाश्म इंधनाच्या उत्खननाचे परवाने किंवा त्याला दिलेली अनुदाने हेही राष्ट्राचे बेकायदेशीर कृत्य ठरू शकते, आणि कृत्य व हानी यांचा पुरेसा थेट व निश्चित कार्यकारणसंबंध सिद्ध झाल्यास पूर्ण भरपाई द्यावी लागू शकते.

अभ्यंकर_पुणे
सागररावांची माहिती योग्य आहे, तरी वर्गात सांगताना ‘बंधन’ हा शब्द जपून वापरावा. सल्लागार मत स्वतः बंधनकारक नसते. ते ज्या कायद्याचा अर्थ लावते, तो कायदा मात्र बंधनकारक असतो. शिवाय भरपाईचा इतिहास फार संथ आहे. बुडणाऱ्या किनाऱ्यांसाठी विमा योजना असावी, असा प्रस्ताव लहान द्वीपराष्ट्रांच्या वतीने वानुआतूनेच १९९१ मध्ये मांडला होता. पॅरिस करारात २०१५ साली हवामानबदलामुळे होणारी हानी व नुकसान यांचे स्वतंत्र कलम आले, पण सोबतच्या निर्णयात श्रीमंत देशांच्या आग्रहावरून असेही लिहिले गेले, की या कलमावरून दायित्व किंवा भरपाईचा दावा निर्माण होत नाही. अशा हानीसाठी निधी स्थापण्याचा निर्णय व्हायला २०२२ ची शर्म-अल-शेखची परिषद उजाडली, आणि दुबईत २०२३ मध्ये जाहीर झालेली रक्कम सुमारे ७० कोटी डॉलर होती. ज्यांची गावे स्थलांतरित होत आहेत त्यांच्यासाठी ही रक्कम अत्यंत तोकडी आहे, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

मुक्ता_शिक्षिका
दोघांचेही आभार. भारताने या सुनावणीत काय भूमिका घेतली? मुले हा प्रश्न नक्कीच विचारतील.

सागर_ल
भारताने विकसित देशांच्या ऐतिहासिक जबाबदारीवर भर दिला, परंतु न्यायालयाने सध्याच्या करारांपलीकडे नवी कर्तव्ये निर्माण करू नयेत, असेही सुचवले. आपल्याकडे दरडोई उत्सर्जन कमी आहे, कोळशावरचे अवलंबित्व मोठे आहे आणि उद्या आपल्यालाही प्रश्न विचारले जातील, हे ध्यानात घेतले तर ही सावध भूमिका समजते. मला ती पुरेशी वाटत नाही. सुनावणीच्याच वर्षी, मार्च २०२४ मध्ये, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात, म्हणजे या पक्ष्याला धोकादायक ठरणाऱ्या राजस्थान व गुजरातमधील वीजवाहिन्यांच्या वादात, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १४ (समानता) आणि २१ (जीविताचा हक्क) मधून मान्य केला होता. सोलापूरजवळच्या नान्नजमुळे माळढोक आपल्या मुलांच्या ओळखीचा आहे, त्यामुळे तो निकाल हेगच्या मतासोबत वाचून दाखवता येईल.