मदत हवी आहे: टायमिंग लागत नाहीये, किक उलटी बसते

रामबागकर
इंदूरमध्ये जुन्या गाडीचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, नीट लावून देणारं कोणी माहीत असेल तर सांगा, नाहीतर इथेच उपाय सांगा. इंजिन पूर्ण खोलून बांधून झालंय. बोअर केला, पिस्टन नवा, रिंगा नव्या. पण टायमिंग काही केल्या लागत नाही. किक मारली की उलटी येते, काल पोटरी काळीनिळी झाली. सुरू झालीच तर आयडलिंग वरखाली होतं, रेस दिली की सायलेन्सरमधून फटाके, आणि गरम झाली की बंद पडते. ०.८ वरच लावलंय, तरी हे असं. दसऱ्याला बाबांच्या हातून पूजा करून गाडी राजवाड्यापर्यंत न्यायची आहे. लवकर सांगा, प्लीज.

घाटवळण
गाडी कुठली ते लिहाल का?

पितळीनट
उलटी किक म्हणजे जावा किंवा येझदी असणार. उजव्या बाजूचं कव्हर काढा, डायनॅमोवरच पॉइंट दिसतील, म्हणजे उघडले की ठिणगी पडते ते संपर्क. गॅप ०.४ मिमी ठेवा आणि पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करा. एक जपा. टू-स्ट्रोक इंजिनाचं टायमिंग फार पुढे गेलं तर ते उलटं फिरून चालूसुद्धा राहतं. पहिला गिअर टाकलात की गाडी मागे जाते. माझ्या जावाचं झालं होतं, मागे भिंत होती.

रामबागकर
जावा नाही हो, बुलेट. ०.८ लिहिलं म्हणजे कळेल असं वाटलं.

घाटवळण
३५० की ५००? साल? पॉइंटवर आहे की कोणी इलेक्ट्रॉनिक किट बसवलंय? ०.८, म्हणजे पिस्टन पूर्ण वर यायला उरलेलं ०.८ मिमी, कशाने मोजलं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी गॅप लावला की आधी टायमिंग?

नवाप्लग
कशाला एवढा त्रास घेताय. पॉइंट काढून टाका, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा. मी बसवलं तेव्हापासून कव्हर उघडलेलं नाही. पॉइंट, कंडेन्सर, दर सर्व्हिसला गॅप मोजायचं फीलर गेज, सगळं बंद.

महूअण्णा
बाळा, ज्याची गाडी आहे त्याला पॉइंटवरच चालवायची असेल. आमच्या महूला फौजेच्या लिलावातल्या बुलेट यायच्या, सगळ्या पॉइंटवर. रस्त्यात बंद पडली तर दहा मिनिटांत चालू करता यायची. तुझं किट रात्री चोरलच्या घाटात गेलं तर काय करशील?
रामबागकर, सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद घ्या. पॉइंटमध्ये धरा, हलका ओढत राहा, इंजिन हळू फिरवा. कागद सुटला तिथे पॉइंट उघडले. झालं टायमिंग. याला यंत्र लागत नाही.

रामबागकर
३५०, कास्ट आयर्न, १९७८ची, उजव्या पायाचे गिअर. सहा व्होल्ट, पॉइंट. इलेक्ट्रॉनिक बसवायचं नाही, बाबांनी घेतली तशीच ठेवायची आहे. मेकॅनिकने प्लगच्या भोकातून सायकलचा स्पोक आत सोडून ०.८ मोजलं आणि कागदानेच टायमिंग लावलं, अण्णा म्हणतात तसंच. नंतर पॉइंट जुने वाटले म्हणून नवे टाकले. आता कोणीतरी एकदाच सांगा, पॉइंटचा डबा, म्हणजे डिस्ट्रिब्युटर, कुठल्या बाजूला फिरवू?

घाटवळण
अजून कुठेच फिरवू नका. गडबड तुम्हीच लिहिलीय: टायमिंग आधी लागलं, पॉइंट नंतर बदलले.

पॉइंटचा गॅप आणि टायमिंग एकमेकांना बांधलेले आहेत. गॅप वाढला की कॅम पॉइंटला लवकर उघडतो, म्हणजे ठिणगी लवकर, टायमिंग पुढे. गॅप कमी झाला की ठिणगी उशिरा. त्यामुळे आधी गॅप, मग टायमिंग, आणि पॉइंटला हात लावला की टायमिंग पुन्हा तपासायचंच. नवे पॉइंट मोठ्या गॅपवर बसले असतील तर ०.८ आता ०.८ राहिलेलं नाही. पिस्टन वर यायच्या बराच आधी स्फोट होतो आणि तो किकचा दांडा मागे फेकतो. पायाला जपा, टाच मोडलेली माणसं मी पाहिली आहेत.

३५० ला गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. मोजायचा तो पॉइंट पूर्ण उघडे असताना, म्हणजे कॅमच्या उंचवट्यावर. बऱ्याच जणांचं इथेच चुकतं.

पितळीनट
सहमत. पण स्पोकने मोजलेलं ०.८ सुद्धा मी धरणार नाही. बुलेटचं प्लगचं भोक तिरकं आहे, स्पोक तिरका जातो.

घाटवळण
हो, आणि त्याहून मोठी अडचण टीडीसीची, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर येतो त्या जागेची. पिस्टन अगदी वर असताना जवळजवळ थांबलेला असतो. बुलेट ३५० चा स्ट्रोक ९० मिमी आहे. हिशेब केला तर टीडीसीच्या दोन्ही बाजू मिळून क्रँक सहा-सात अंश फिरला तरी पिस्टन जेमतेम ०.१ मिमी हलतो. ०.८ मिमी म्हणजे क्रँकचे साधारण नऊ-दहा अंश. म्हणजे टीडीसी बोटाच्या अंदाजाने धरली तर पूर्ण मापाचा तिसरा हिस्सा तिथेच चुकू शकतो.

म्हणून मी असं करतो. जुन्या प्लगची पोर्सिलेन फोडून काढायची, बॉडीत एक बोल्ट घट्ट बसवायचा आणि तो प्लगच्या जागी लावायचा. बोल्ट पिस्टनला टेकला पाहिजे. डावीकडचं चेनकव्हर काढा, खाली ट्रे ठेवा कारण तेल येतं. क्रँकच्या टोकावरचा रोटर हाताने हळू फिरवा. पिस्टन बोल्टला अडला की रोटरवर एक खूण. मग उलट बाजूने फिरवा, परत अडला की दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मध्ये टीडीसी. भोक तिरकं असलं तरी चालतं, कारण दोन्ही वेळा पिस्टन त्याच उंचीवर अडतो. किक मारून मात्र फिरवू नका, पिस्टनला खड्डा पडेल.

महूअण्णा
एवढं चेनकव्हर उघडायची गरज नाही. मी हयातभर स्पोकने लावलंय, एकाही गाडीने उलटी मारली नाही.

घाटवळण
अण्णा, तुमचा हात बसलेला आहे. रामबागकरांच्या गाडीवर तीच पद्धत वापरली आणि किक उलटी येतेय, हेही खरं आहे.

महूअण्णा
पद्धतीचा दोष नाही, पॉइंट नंतर बदलले त्याचा दोष आहे. हे तुम्हीच वर लिहिलंत.

सियागंजवाला
फीलर गेज आणि अंशाची चकती सियागंजात मिळते, स्वस्त आहे. रामबागहून जवळच.
बाकी एक विषय. १९७८ची आहे, २०२८मध्ये ५० वर्षं पूर्ण होतात. २०२१च्या नियमाप्रमाणे ५० वर्षांवरची, मूळ रूपात ठेवलेली दुचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पहिल्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नूतनीकरण ५,०००, नोंदणी १० वर्षं चालते, नंबरात व्हीए येतं. पण मग रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. राजवाड्याला फेरफटका मारायचा असेल तर साध्या नोंदणीतच ठेवा आणि फिटनेस वेळेवर करा.

रामबागकर
नोंदणी सध्या चालू आहे, तो विषय नको. मला फक्त किक उलटी येऊ नये एवढं हवंय.

पितळीनट
टीडीसी काढलीत तर एक बघा, ती कॉम्प्रेशनचीच आहे ना? फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टन दोनदा वर येतो. उजवीकडे सिलिंडरच्या बुडाशी टॅपेटचं झाकण आहे, एका नटाचं. उघडून दोन्ही पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, चिमटीत धरून फिरवा. दोन्ही सहज फिरले तर कॉम्प्रेशन. एकही घट्ट असेल तर तुम्ही एक्झॉस्टच्या टीडीसीवर आहात. चिमटीत वरखाली खेळ मात्र नको, नुसते फिरले पाहिजेत. टॅपेट थंड इंजिनावरच बघा.

घाटवळण
हे छान आठवण केलंत.
कागदाऐवजी बल्ब वापरा. सहा व्होल्टचा छोटा बल्ब घ्या, एक वायर पॉइंटच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. चावी ऑन. पॉइंट बंद तोवर बल्ब विझलेला, उघडले की पेटतो. तोच क्षण ०.८ वर, म्हणजे टीडीसीच्या नऊ-दहा अंश आधी, यायला हवा. पॉइंट बंद असताना चावी ऑन ठेवून चहाला जाऊ नका, कॉइल तापते.

बल्ब नसेल तर हेडलाइटवरचा अँपिअर मीटर बघा. पॉइंट बंद असताना काटा मायनसकडे जातो, उघडले की मध्ये परत येतो.

दिशा विचारली होतीत. तळाचा क्लॅम्प ढिला करा. कॅम ज्या बाजूला फिरतो त्याच बाजूला बॉडी फिरवली की टायमिंग मागे, उलट फिरवली की पुढे. केसभरच फिरवा.

आणि आयडलिंग वरखाली होतं त्याचं वेगळं कारण असू शकतं. पॉइंटच्या प्लेटखाली ऑटो अॅडव्हान्सची, म्हणजे वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी, वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात. ०.८ हे माप वजनं पूर्ण मिटलेली असतानाचं आहे. स्प्रिंग सैल झाली की वजनं कमी वेगातच उघडतात, टायमिंग पुढेमागे होत राहतं. कॅम बोटाने फिरवून सोडा, खटकन परत आला पाहिजे.

नवाप्लग
म्हणजे स्प्रिंग, पॉइंट, कंडेन्सर, चेनकव्हर, पुशरॉड. आणि मी किट म्हटलं तर चुकलं?

महूअण्णा
किटमध्येही स्प्रिंगा त्याच राहिल्या तर काय करशील?

नवाप्लग
माझ्या किटमध्ये अॅडव्हान्स इलेक्ट्रॉनिकच आहे, वजनं काढूनच टाकली. बरं, किट राहू द्या, गाडी त्यांची आहे. पण गरम झाल्यावर बंद पडते त्याबद्दल एक सांगतो. बंद पडली की लगेच डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा आणि कोणाला तरी किक मारायला लावा. पॉइंटवर निळी ठिणगी तडतडत असेल तर कंडेन्सर गेला. चांगला कंडेन्सर असेल तर तिथे ठिणगी दिसेल न दिसेल एवढीच.

रामबागकर
उघडलं. गॅप ०.६ निघाला. ०.३८ वर आणला. प्लगच्या बोल्टने टीडीसी काढली, पुशरॉड दोन्ही फिरतात. टीडीसी स्पोकच्या खुणेपासून अंगठ्याच्या नखाएवढी बाजूला निघाली. बल्बने ०.८ लावलं. आता किक सरळ जाते, उलटी नाही, सायलेन्सरचे फटाकेही बंद. कॅम बोटाने फिरवून सोडला तर अर्ध्यावर राहतो. प्लेट काढली, एका स्प्रिंगचा आकडा उघडून सरळ झालाय आणि ती पिनेला नुसती टेकून आहे. आकडा पकडीने वाकवून परत बसवू का? वेळ कमी आहे.

घाटवळण
वाकवू नका, दोन्ही नव्या घ्या. एक जुनी एक नवी असेल तर दोन्ही वजनं सारखी उघडत नाहीत. पिनांवर जुनं ग्रीस वाळलं असेल तर रॉकेलने धुवा आणि मशिनचं तेल एकेक थेंब सोडा, जास्त नको. तेल उडून पॉइंटवर गेलं तर परत मिस मारेल.

सियागंजवाला
स्प्रिंगा मापावर घेऊ नका, जुनी घेऊन दुकानात जा आणि शेजारी धरून बघा. मिळतीजुळती म्हणून दुसऱ्या गाडीची देतात, ती ताठ निघाली की वजनं उघडतच नाहीत आणि वरच्या वेगात गाडी ओढत नाही.

रामबागकर
स्प्रिंगा मिळाल्या, बसवल्या. टायमिंग बल्बने पुन्हा बघितलं, जागेवर आहे. आयडलिंग एकसारखं लागलं. गरम करून बघितली, पॉइंटवर निळी ठिणगी दिसत होती, म्हणून गाडीसोबतचा जुना कंडेन्सर परत लावला. आता गरम झाल्यावरही बंद पडत नाही. बाबा आवाज ऐकून बाहेर आले आणि म्हणाले, आता बरोबर आहे. सगळ्यांचे मनापासून आभार, अण्णा तुमचेही.

महूअण्णा
छान. नव्या पॉइंटची फायबरची टाच सुरुवातीला लवकर झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे पडतं. पाचशे किलोमीटरला गॅप परत बघा, मग टायमिंग. कॅमच्या फेल्टवर ग्रीस लावलंत ना?

रामबागकर
नाही लावलं. आत्ता लावतो.

पितळीनट
धागा वर आहेच तर विचारतो. माझी येझदी थंडीत चांगली चालते, दुपारी चौथ्या गिअरला मिस मारते. कॉइल आधी बघू की कंडेन्सर?

घाटवळण
साल कुठलं, आणि पॉइंटवर आहे की सीडीआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक?