डोळे मिटून नामजप केला की जुना आघात उसळतो, रात्री काय करावं?

सत्संगातल्या एका ताईंसाठी, त्यांना विचारूनच लिहिते आहे. घरातल्या हिंसेतून त्या बाहेर पडल्या आहेत. नामावर श्रद्धा पक्की. पण डोळे मिटून बसल्या की छाती धडधडते, हात गार पडतात आणि तो प्रसंग आत्ता घडतोय असं वाटतं. "श्रद्धा कमी पडते" हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. बाहेर शांत झालं की शरीर जुन्याच धोक्याचा इशारा देतं.

दिवसा यावर उपाय सापडलाय. डोळे उघडे, नजर समईच्या ज्योतीवर, तळपाय जमिनीला टेकलेले, जप मोठ्याने. माळही 108 ऐवजी 27 मण्यांची, प्रत्येक मणी बोटाने चाचपत. श्वासावर लक्ष ठेवलं की उलट घुसमट वाढते, म्हणून ते सोडलं. 10 दिवसांचं मौन शिबिर समुपदेशकांनी सध्या नको म्हटलंय. मानसोपचारतज्ज्ञांची औषधं चालू आहेत, ती बदलायची नाहीत. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार नाहीत, तरी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर जवळ आहे.

अडचण पहाटेची. दचकून जाग येते, शेजारी मुलं झोपलेली, त्यामुळे दिवा नाही, आवाज नाही. मनातल्या मनात जप सुरू केला की काही क्षणांत नाम सुटतं आणि प्रसंग पुढे येतो. "त्याला माफ करा" हा सल्ला कृपया नको.

अशा वेळी अंधारात, गादीवरच, आधी शरीर भानावर आणून मग नामाकडे वळायचं असेल तर नेमका क्रम काय ठेवावा?