घराला आग लागली तेव्हा, आणि त्यानंतर : तुमचे अनुभव लिहा

मागच्या महिन्यात आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये आग लागली. कुणाला काही झालं नाही, देवाची कृपा. पण बंबाची घंटा ऐकली आणि माझे हातपाय गार पडले, कारण 3 वर्षांपूर्वी तसाच बंब आमच्या दारात उभा होता. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

आम्ही ठाण्यात राहतो, दुसरा मजला. मे महिना, दुपारची वेळ, बेडरूममधला एसी सकाळपासून चालू. त्याचा पॉइंट ढिला झाला होता म्हणून आम्ही तो एक्स्टेंशन बोर्डवर लावलेला, "पुढच्या आठवड्यात इलेक्ट्रिशियनला बोलवू" असं दोन महिने चाललेलं. मी किचनमध्ये होते. माझी मुलगी, तेव्हा 6 वर्षांची, येऊन म्हणाली, "आई, खोलीत ढग आलाय."

जाऊन बघते तर काळा धूर छतापासून खाली उतरत होता, अगदी पाणी भरत यावं तसा, फक्त उलटा. पडदा पेटलेला. मी मेन स्विच पाडला, सासूबाईंना हाताला धरलं, मुलीला कडेवर घेतलं आणि जाता जाता बेडरूमचं दार ओढून घेतलं. का ओढलं ते आजही सांगता येणार नाही, कदाचित तिकडे बघवत नव्हतं म्हणून. नंतर अग्निशमनचे साहेब म्हणाले, ताई, त्या दारानेच तुमचं बाकीचं घर वाचवलं. त्या दाराची आतली बाजू कोळसा झालेली, बोट लावलं की पापुद्रे गळत होते, आणि बाहेरच्या बाजूला नुसता रंगाला फोड आलेले आणि मुलीने चिकटवलेला फुलपाखराचा स्टिकर जसाच्या तसा. आत पंख्याची पाती कोमेजलेल्या पानासारखी खाली लोंबत होती.

आग 20 मिनिटांत विझली. खरे हाल त्यानंतर सुरू झाले. काजळी बंद कपाटात, डब्यांत, उशीच्या अभ्र्याच्या आत सुद्धा शिरलेली. मी लगेच ओलं फडकं घेऊन भिंती पुसायला लागले आणि ते सगळं तेलकट काळं पसरत गेलं. आधी कोरडी काजळी व्हॅक्युमने ओढायची असते, मग पुसायचं. धुराखालचं उघडं अन्न आणि औषधं सरळ फेकायची, जीव अडकतो पण फेकायची.

तुमच्याकडे, माहेरी, शेजारी असं काही झालं असेल तर लिहा. कशाने लागली, त्या क्षणी काय केलंत, काय करायला नको होतं, आणि नंतर उभं राहताना कुणाची कशी मदत झाली. लहानसं असलं तरी लिहा.

* * *

माझा अनुभव जुना आहे, मी चौथीत होतो. सांगली जिल्ह्यातलं आमचं गाव, लाकडी तुळयांचा वाडा, माळ्यावर शेंगांची पोती आणि एका बाजूला कडबा. देवघरात आजीचा नंदादीप अखंड असायचा. रात्री उंदराने तेलात भिजलेली पेटती वात ओढून नेली. ऐकायला कहाणी वाटते पण आमच्या भागात जुन्या माणसांना विचारा, अशी दोनतीन घरं तरी प्रत्येकाला आठवतील.

गावात बंब कुठला, तालुक्याहून येईपर्यंत पहाट झाली. विहिरीपासून वाड्यापर्यंत माणसांची रांग लागली, कळशा हातोहात येत होत्या, ज्यांच्याशी बांधावरून बोलणं बंद होतं ते भावकीतले काका पण त्या रांगेत होते. माणसं आणि गुरं वाचली, वाडा बसला.

तिसऱ्या दिवशी आजीला एकच ध्यास, पेटीतल्या पाटल्या आणि मोहनमाळ. वडिलांनी शहरातून झारेकरी बोलावला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सोनाराच्या दुकानासमोरची माती धुऊन सोन्याचा कण काढणारे ते झारेकरी. पेटी जिथे होती तिथली राख त्याने दोन दिवस पाटीत पाण्याने धुतली. घोळवायचा, वरचं पाणी हलक्या हाताने सोडायचा, परत घोळवायचा. सोनं वितळून हरभऱ्याएवढे गोळे झाले होते. आजीने त्यातला एक गोळा मोडायला दिला नाही, शेवटपर्यंत कनवटीला होता.

नंतर आजीने स्वतःहून रात्री दिवा शांत करायला सुरुवात केली. आता आमच्याकडे समई पितळी परातीत पाणी घालून त्यात ठेवतात, वर काच, आणि झोपताना विजेचा दिवा. देव रागावत नाही हो.

* * *

आमचं गॅसचं आहे, नाशिक. सिलिंडर बदलताना टोपण काढलं आणि वरची पिन अडकून गॅस सुटला, फुस्स असा मोठा आवाज. मी घाबरून एक्झॉस्ट फॅन चालू केला. तेच चुकलं. त्या बटणाच्या ठिणगीने भडका उडाला. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीलगत साठतो, म्हणून माझे पाय आणि हात भाजले, चेहरा वाचला.

सांगते ते लक्षात ठेवा. वास आला किंवा सुटला तर कुठलंही बटण चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. सिलिंडरला दोरीने बांधलेली ती पांढरी टोपी असते ना, आपण सगळे ती कापून फेकतो, ती परत दाबून बसवली की गॅस थांबतो. दारं खिडक्या उघडायच्या, बाहेर जाऊन 1906 ला फोन करायचा, चोवीस तास चालू असतो.

दुसरं म्हणजे भाजल्यावर शेजारच्या काकूंनी मायेने माझ्या हाताला टूथपेस्ट थापली. दवाखान्यात ती काढताना जे झालं ते मी लिहू शकत नाही. फक्त नळाचं वाहतं साधं पाणी, 20 मिनिटं, बर्फ नाही, हळद नाही, कातडीला चिकटलेला कपडा ओढायचा नाही. अंगठ्या बांगड्या मात्र सूज यायच्या आत काढायच्या.

तिसरं, गॅस कंपन्यांचा विमा असतो ग्राहकासाठी, त्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागत नाही. घराच्या नुकसानीचे जास्तीत जास्त 2 लाख, पण ज्या पत्त्यावर कनेक्शन नोंदवलेलं आहे त्याच पत्त्यावर. आम्ही भाड्याच्या घरात, कनेक्शन सासरच्या पत्त्यावर. नाही मिळाले. घर बदललंत तर पत्ता बदलून घ्या, कंटाळा करू नका. आणि रबरी ट्यूब 5 वर्षांनी बदलायची, आयएसआयचीच घ्यायची आणि बिल जपून ठेवायचं.

* * *

ताई वाचूनच काटा आला. आत्ता उठून ओट्याखाली टॉर्च मारून बघितलं, आमच्या ट्यूबवर 2017 छापलंय. सकाळी एजन्सी उघडली की जाते.

* * *

आम्ही बीडकडचे. शेतात छपराचं घर, बाजूला गोठा आणि त्याच्या मागं कडब्याची गंज. शेजारच्यानं बांधावरचं पाचट पेटवलं होतं, दुपारी वारं फिरलं आन गंज धरली. कडबा पेटला की मिनिटाचा खेळ असतो, जवळ जाता येत नाही एवढी धग. मोठ्या भावानं विळ्यानं दावी कापली म्हणून दोन बैल आणि एक गाय निसटली, म्हैस आणि वासरू दावणीलाच गेलं. त्या म्हशीचं ओरडणं अजून कानात आहे. गुरांच्या दाव्याला सुटी गाठ पाहिजे, एका हिसक्यात सुटणारी, आणि गंज गोठ्यापासून लांबच रचायची. आमच्या आज्यानं हेच सांगितलं होतं, जागा कमी म्हणून आम्ही चिकटवली.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. मेलेलं जनावर वास सुटेल म्हणून लगेच पुरायला निघाले सगळे. आमच्या गावच्या पोलीसपाटलांनी थांबवलं. आधी तलाठ्याचा पंचनामा आणि जनावराच्या डॉक्टरचा शवविच्छेदनाचा दाखला, तो नसला तर पुढं मदतीचा कागद सरकत नाही. आग पण सरकारी आपत्तीच्या यादीत आहे, त्यामुळं तहसीलला अर्ज करायचाच. पैसे यायला वेळ लागतो, पण अर्ज करायचा.

गावानं काय केलं सांगतो. दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरातून एक पेंढीचा भारा आला बैलांसाठी, कुणी ज्वारी, कुणी भगुणं. एका म्हातारीनं नवी वाकळ आणली, स्वतः शिवलेली, पोरीच्या लग्नासाठी ठेवलेली. माय माउली.

* * *

मी कागदपत्रांबद्दल लिहितो, कारण आमचं डोंबिवलीतलं घर जळलं तेव्हा एक फाइल राहिली नव्हती आणि वर्षभर मी तेवढंच करत होतो. पहिली दोन कामं, पोलिस स्टेशनला नोंद आणि अग्निशमन दलाचा दाखला, यांच्या दहा झेरॉक्स काढून ठेवा, जिथे जाल तिथे हेच मागतात. घराच्या करारनाम्याची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयात मिळते, सूची 2 (दस्ताच्या नोंदीचा उतारा) सुद्धा, रजिस्टर झालेला दस्त सरकारकडे असतोच त्यामुळे घर आपलं राहणार नाही ही भीती काढून टाका. सोसायटी शेअर सर्टिफिकेटची दुसरी प्रत देते, दहावी बारावीच्या मार्कशीटची बोर्ड देतं. आधार, लायसन्स फोनवर डिजिलॉकरमध्ये होतं म्हणून निभावलं.

आईने गव्हाच्या डब्यात पैसे ठेवलेले, कडेने जळून ठिसूळ झाले होते. आम्ही ते तसेच झटकत बसलो, निम्मे हातात चुरा. तसं करू नका. अशा नोटा हलवायच्याच नाहीत, आहेत तशा कागदात सपाट ठेवून रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसला न्यायच्या, आपल्याकडे मुंबई आणि नागपूरला आहे. साध्या बँकेत जळक्या नोटा घेत नाहीत.

विमा त्या वेळी चालू नव्हता. कर्ज फिटल्यावर बंद केला. आता घेतला, 'भारत गृह रक्षा' नावाची ठरावीक पॉलिसी एप्रिल 2021 पासून आलीये, त्यात घराच्या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, आतलं सामान धरलेलं असतं. मला वर्षाला जो हप्ता पडतो तेवढ्यात आम्ही चौघं एकदा बाहेर जेवतो. हे आधी कुणी सांगितलं असतं तर.

* * *

लॉस एंजेलिसजवळ अल्टाडेनाला राहत होतो, 7 जानेवारी 2025 च्या संध्याकाळी ईटन नावाचा वणवा सुरू झाला. वाळवंटाकडून येणारा वारा इतका की उभं राहता येत नव्हतं, लाइट गेलेले, डोंगर लाल. आम्ही पासपोर्टची बॅग, लॅपटॉप आणि मुलाची औषधं घेऊन निघालो, वाटलं उद्या परत येऊ. त्या आगीत 9 हजारांहून जास्त बांधकामं गेली, त्यात आमचं भाड्याचं घर.

आत जायला मिळालं ते बऱ्याच दिवसांनी, ते पण पांढरा सूट आणि मास्क घालून, कारण जुन्या घरांच्या राखेत शिसं आणि अॅस्बेस्टॉस असतं. कृपा करून कुणीही नुसत्या हातांनी आणि उघड्या तोंडाने राख उकरू नका. मला सापडला आईने कोल्हापूरहून पाठवलेला लोखंडी खलबत्ता. गंजलेला, पण अख्खा. तिची नऊवारी हॉलमध्येच कपाटात होती, हात पुरला असता. ती बॅगेत टाकायचं सुचलं नाही याचं मला अजून रडू येतं.

विमा होता, पण त्यांना एकेका वस्तूची यादी हवी, कधी घेतली, कितीला. चमचे आठवत बसलो. म्हणून एक करा, दरवर्षी दिवाळीची साफसफाई झाली की फोनने सगळ्या घराचा व्हिडिओ काढा, कपाटं आणि ड्रॉवर उघडून, आणि दुसऱ्या गावी राहणाऱ्या कुणालातरी पाठवून ठेवा. शेजारी, नातेवाईक, कितीतरी जण अशाच यादीवर महिनोन्महिने बसलेत.

* * *

माझे वडील मुंबईच्या अग्निशमन दलात होते. 14 एप्रिल आमच्या घरी वेगळाच असायचा, 1944 ला व्हिक्टोरिया डॉकमधल्या स्फोटात 66 जवान गेले, त्यांच्या नावाने त्या आठवड्यात अग्निशमन सप्ताह असतो. बाबा त्या दिवशी सकाळी कुणाशी बोलायचे नाहीत.

त्यांनी आम्हाला लहानपणी डोळ्यांवर रुमाल बांधून पलंगापासून दारापर्यंत रांगायला लावलं होतं. तेव्हा खेळ वाटायचा. माणूस जाळापेक्षा धुरानेच आधी जातो, आणि जमिनीपासून हातभर उंचीवर श्वास घेण्याजोगी हवा उरते, म्हणून रांगायचं. दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू लावून बघायची, गरम असेल तर उघडायचं नाही. लिफ्ट नाही. 101 ला फोन केला की पत्ता सांगून एकजण गेटवर उभा राहायचा, बंब दारात येऊन पार्किंगमधल्या गाड्यांमुळे अडकतो हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं.

आणि बॉक्स ग्रिल. त्याबद्दल ते हात जोडून बोलायचे. चोरांसाठी आपण खिडक्यांना पिंजरे करतो आणि आतून बाहेर पडायला जागा ठेवत नाही. एका ग्रिलला तरी उघडणारी झडप करा, कुलूप लावलंत तर किल्ली तिथेच खिळ्याला टांगा, लहान मुलालाही सापडेल अशी. कढई पेटली तर पाणी अजिबात नाही, गॅस बंद आणि वर ताट झाकायचं, उचलून मोरीकडे पळायचं नाही. ई-स्कूटरची बॅटरी रात्री दाराशी चार्जिंगला लावून झोपू नका, बाहेर जायचा रस्ता तोच असतो.

* * *

धागा काढला तेव्हा एवढं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. बीडच्या दादा, ती म्हैस मलाही विसरता येणार नाही.

एकांनी वेगळं विचारलंय, मुलगी कशी आहे. पहिले सहा महिने ती एकटी कुठल्या खोलीत जायची नाही, कुकरची शिट्टी झाली तरी माझा पदर धरायची, रात्री उठून बोर्डांना हात लावून बघायची. आम्ही "काही नाही, विसर आता" म्हणत राहिलो आणि ती आणखी मिटत गेली. समुपदेशक बाईंनी सांगितलं की तिला बोलू द्या, चित्र काढू द्या, आणि घरातलं एखादं सुरक्षेचं काम तिच्याकडे द्या. सरकारची टेलिमानस 14416 ही मानसिक आधाराची लाइन आहे, मराठीत बोलतात, मी स्वतःसाठीही तिथे फोन केलाय. आई बोलत नाही तोवर मूल बोलत नाही, आमच्याकडे तरी असंच झालं.

तर तिच्याकडे काम दिलं रात्रीच्या फेरीचं. गॅसचं बटण, गीझर, इस्त्री, चार्जर. आता 9 वर्षांची आहे. रोज झोपताना आजीचा हात धरून फिरते आणि शेवटी बेडरूमच्या नव्या दाराशी थांबते. जुन्या दारावरचा तो फुलपाखराचा स्टिकर आम्ही सुरीने अलगद सोडवून ठेवला होता, परवा तिने मागून घेतला आणि नव्या दाराला लावला. आतल्या बाजूने.