घरी हॉप्स लावायचे आहेत, गुहागरच्या हवेत जमेल का?

वाडीतला: नमस्कार मंडळी. गुहागरला आमची माडापोफळीची वाडी आहे. जमीन जांभ्याची, विहिरीला बारमाही पाणी. धाकटा भाऊ पुण्यात मायक्रोब्रुअरीत (बीअरच्या छोट्या कारखान्यात) कामाला आहे, त्याला आपल्या वाडीतले हॉप्स, म्हणजे बीअरला कडू चव आणि वास देणाऱ्या वेलीची बोंडं, द्यायचे मनात आहे. कुठली जात लावू? ओळखीचे एक जण अमेरिकेतून मुळं आणून देतो म्हणतात.

समुद्रवारा: बॅगेतून मुळं आणायचं डोक्यातून काढा. परवाना आणि रोगमुक्त असल्याचा दाखला नसेल तर परदेशी रोपं आणता येत नाहीत. इथल्याच रोपवाटिकेतून कॅस्केड जातीचं रोप मिळालं तर घ्या, पण रोप मादीच आहे ना, ते विचारून. बोंडं मादीलाच येतात.

उकाड्याला सगळे घाबरतात, पण आपल्याकडे खरी अडचण दिवसाच्या लांबीची. ही वेल ३५ ते ५५ अक्षांशांत रमणारी. तिथे उन्हाळ्यात १५-१६ तास उजेड असतो. आपला जूनमधला मोठ्यात मोठा दिवस १३ तासांच्या जरासा वर, तोही ढगांत जातो. दिवस लहान मिळाला की वेल कमरेएवढी असतानाच फुलावर येते आणि चार बोंडं देऊन थांबते. थंडीशिवाय हॉप्स नाहीत असंही पूर्वी मानत. २०१९ मध्ये कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या संशोधनाने ते खोडून काढलं. फ्लोरिडात आणि ब्राझीलमध्ये दिवे लावून पीक घेतात.

तुम्हीही तेच करा. पाऊस गेला की ऑक्टोबरात लावा, अंधार पडल्यावर एलईडी लावून दिवस १६-१७ तासांचा करा. वेल पाचेक मीटर चढली की दिवे बंद, मग ती फुलते. पावसाळ्यातल्या पिकाच्या नादी लागूच नका, केवडा आणि भुरी हे बुरशीचे रोग काही शिल्लक ठेवणार नाहीत.

दोरी काथ्याचीच बांधा. अमेरिकेतले हॉप्सवालेही काथ्याच वापरतात. वेलीला बारीक राठ केस असतात, ते खरखरीत दोरीला धरतात, नायलॉनवरून घसरतात. वेल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चढते, तशीच वळवा.

तिरफळ: दादांनी लावणीचं सांगितलं, मी काढणीचं सांगते. बोंड दाबून सोडलं की पुन्हा फुगायला हवं आणि कागदासारखं सळसळायला हवं. उभं चिरून बघा: पाकळ्यांच्या बुडाशी गडद पिवळी, चिकट पूड दिसली आणि बोटांना लिंबाच्या सालीसारखा वास राहिला की तोडा. लसणाचा वास यायला लागला तर उशीर झाला. आमसुलांसारखं उन्हात पसरू नका, वास उडतो. ड्रायर ५०-५५ अंशांवर ठेवा, मधली काडी कटकन मोडेपर्यंत. मग हवाबंद पिशवीतून लगेच फ्रीझरमध्ये. पाच किलो ओल्याचे किलो-सव्वा किलो उरतात.

वाडीत कुत्रा असेल तर त्याला लांब ठेवा, हॉप्स कुत्र्यांना जिवावर बेततात. आणि वेल लावायला हरकत नाही, पण परवान्याशिवाय घरी बीअर करणं आपल्या राज्यात गुन्हा आहे. भावाकडेच द्या. ओली बोंडं तोडल्यापासून २४ तासांत वापरली तर उत्तम. संध्याकाळी तोडून रात्रीच्या गाडीने पुण्याला धाडा.

वाडीतला: ताई, दादा, मनापासून आभार. विहिरीजवळ पश्चिमेचा तुकडा मोकळा आहे, ऊन भरपूर. चालेल?

समुद्रवारा: खारा वारा थेट लागत असेल तर नको, पानं करपतील. घराच्या पूर्वेला, माडांची सावली पडणार नाही अशी जागा बघा आणि खड्ड्यात शेणखत भरपूर घाला. दिव्यांसाठी वायरही तिथे सहज ओढता येईल.