प्रेस आला की मँचेस्टर युनायटेडचा बॉल सुटत का नाही?

मिरजेचा_१०
मंडळी, २००८ च्या मॉस्कोतल्या चॅम्पियन्स लीग फायनलपासून युनायटेड बघतोय, एक गोष्ट काय डोक्यातून जात नाही. ऑगस्ट २०२२, ब्रेंटफर्डची मॅच, आपल्याकडं रात्री दहाला लागलेली आणि पस्तिसाव्या मिनिटाला आपण ४-० नं मागं. दुसरा गोल आठवतोय का? आपला कीपर डे हेआनं बॉक्सच्या तोंडाशी मिडफिल्डर एरिक्सनला पास दिला, त्याचं तोंड आपल्याच गोलकडं, मागून ब्रेंटफर्डचा जेन्सन आला, बॉल काढून घेतला आणि आत. त्यानंतर मॅनेजर बदलले, कीपर बदलला, तरी समोरच्यानं अंगावर येऊन दाबलं, म्हणजे प्रेस केलं, की आमची पोरं अजून तशीच गडबडतात. चूक स्टाइलची का खरेदीची?

कृष्णाकाठ
खरेदीची, भावा. तेव्हाचा मॅनेजर टेन हागला त्या उन्हाळ्यात मिडफिल्डर फ्रेंकी डी याँग पाहिजे होता, म्हणजे पाठीवर माणूस असताना बॉल घेऊन वळणारा. तो बार्सिलोना सोडून आला नाही, आणि ब्रेंटफर्डचा मार खाल्ल्यावर आठवड्याभरात कासेमिरो आणला. कासेमिरो लई मोठा प्लेअर, पहिल्या सीझनला त्यानं सांभाळलंबी, पण त्याचं काम बॉल हिसकावून घेणं, प्रेसमधून बाहेर काढणं नव्हं. पुढं २०२३ ला पायानं चांगला खेळतो म्हणून ओनाना आणला, पण कीपरनं कितीबी चांगला पास दिला तरी तो घेणारा मधे कुठाय? २०२५ ला कुन्या, एम्बेमो, शेश्को या पुढं खेळणाऱ्या तिघांवर मिळून जवळपास २० कोटी पौंड घातले, मिडफिल्डला एक माणूस नाही. त्याच ऑगस्टात चौथ्या डिव्हिजनच्या ग्रिम्सबीनं लीग कपातनं पेनल्टीवर १२-११ नं बाहेर काढलं, त्या रात्री खरंच झोप लागली नाही.

विश्रामबाग_स्टॉपर
मला हे पटत नाही. मागनं खेळायचा हट्टच कशाला? शेश्को सहा फूट पाच इंच आहे, कीपर लॅमेन्सची किक लांब जाते, दाबलं की सरळ त्याच्या डोक्यावर टाका आणि दुसऱ्या बॉलसाठी, म्हणजे डोक्याला लागून सुटलेल्या बॉलसाठी, कुन्या-एम्बेमो धावू देत. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील-शिवाजी या तिथल्या दोन टीमची मॅच असते, गॅलरी गच्च, तिथं स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर, आपल्या बॉक्समधे बॉल खेळवत बसला तर त्याला घरी जाणं अवघड होईल.

कृष्णाकाठ
लांब मारा की, पण दुसरा बॉल मिळाल्यावर तो पायात ठेवायला परत मधलाच माणूस लागतोय.

सहा_नंबर_सांगली
मी आमच्या टीममधे सहा नंबरलाच, म्हणजे डिफेन्सच्या पुढं मिडफिल्डला, खेळतो म्हणून सांगतो. पास यायच्या आधी दोनदा मान वळवून मागं बघायचं असतं, एकदा बॉल सुटायच्या आधी आणि एकदा तो वाटेत असताना, मग कुठल्या पायानं घ्यायचा ते आपोआप ठरतं. नुसतं बॉलकडं बघत बसलं की अर्धा सेकंद गेला, आणि प्रेसिंगवाल्याला तेवढाच पाहिजे असतो. युनायटेडची मॅच लागली की मी बॉल सोडून मिडफिल्डरच्या मानेकडंच बघतो. स्काउटिंगवाल्यांनी पण आधी तीच बघावी, किंमत आणि गोल नंतर.

मिरजेचा_१०
आत्ताच तो ब्रेंटफर्डचा गोल परत लावून बघितला. पास येताना एरिक्सननं मागं बघितलेलं दिसत नाही मला. आणि त्याच मॅचला चौथा गोल मारणारा एम्बेमो आज आपल्याकडं आहे, पण तो मागचा पास घेणारा माणूस अजून मिळाला नाही.